मापाचेही माप घ्यावे लागते



मोखाड्याच्या किंवा जव्हारच्या बाजारात नागली विकायला गेलेला जाणता माणूस आधी भाव विचारत नाही, आधी तागडी पाहतो. रिकामी पारडी सारखी राहतात का, दांडी एका बाजूला झुकते का, हे तो पाहतो. मग वजन हातात घेऊन त्यावर सरकारी ठसा आहे का, तेही बघतो. ही सवय त्याला फुकट लागलेली नाही. खोट्या मापाची किंमत डोंगरातल्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या मोजली आहे. डोक्यावरून खाली नेलेले धान्य घरी एक भरायचे आणि दुकानात दुसरे. यात धान्याचा दोष नसे आणि मोजणाऱ्याच्या बोटांचाही नसे. दोष असे तो मापात.

म्हणून आपल्या देशाने १९५६ साली वजनमापांचा कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने वापरात आणायला सुरुवात केली. दुकानातला किलो निरीक्षकाच्या किलोशी ताडायचा, निरीक्षकाचा त्याहून अचूक किलोशी, अशी ही साखळी वर चढत जाते. ती पोहोचते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत. तिथे प्लॅटिनम आणि इरिडियम या धातूंचा, ५७ क्रमांकाचा किलो जपून ठेवला आहे. म्हणजे काय, तर मोजणाऱ्यावर विश्वास ठेवायचा तर त्याचे मापसुद्धा कुणीतरी मोजलेले असावे लागते.

आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते अशाच एका मापाबद्दल. पण हे माप डोळ्यांना दिसत नाही. ते प्रयोगशाळेत नळीतल्या थेंबात असते. त्याच्या जोरावर शास्त्रज्ञ सांगतात की अमुक वाणाला पाण्याचा ताण सोसतो, किंवा अमुक माणसाला रोग झालेला नाही. थेंब लहान असला तरी त्यावर पोट आणि प्राण दोन्ही अवलंबून असतात. तेव्हा ते माप खरे की खोटे, हे विचारण्याचा हक्क आपल्यालाही आहे.

चला, सूर्यमाळच्या उतारावर जाऊ. खाली खाचरात भात आहे, वर वरकस जमिनीवर नागली आणि वरई. आवण झाली, रोपे लागली, आणि मध्येच पावसाने पंधरा दिवस ओढ दिली. एका वावरातली नागली पिवळी पडली, शेजारच्या वावरातली तग धरून राहिली. शेतकरी म्हणतो, “बियाणे चिवट आहे.” बरोबर आहे त्याचे. पण चिवट म्हणजे काय? कोरड पडली तेव्हा त्या रोपाच्या आत नेमके काय घडले?

हे समजायला सातबाराचे उदाहरण घेऊ. गावाचे मूळ दप्तर एका जागी राहते. ते कुणी घरी नेत नाही. आपल्याला गरज लागली की आपण त्यातल्या आपल्या गटाचा उतारा काढतो. पूर्वी तलाठीभाऊ हाताने लिहून देत, आता संगणकावर निघतो. पण दप्तर तिथेच आणि उतारा आपल्या हातात, ही रीत तीच. रोपाच्या पेशीतही असेच आहे. मूळ दप्तर म्हणजे डीएनए. त्यातली एकेक नोंद म्हणजे जनुक. आणि कामापुरता काढलेला उतारा म्हणजे आरएनए.

मुळातल्या पेशीत आणि पानातल्या पेशीत दप्तर एकच असते. फरक असतो तो कोणत्या नोंदीचे उतारे किती निघतात यात. पाऊस बरा असतो तेव्हा वाढीच्या नोंदींचे उतारे जास्त निघतात. कोरड पडली की पाणी धरून ठेवणाऱ्या, पेशी सांभाळणाऱ्या नोंदींना मागणी येते. एखाद्या जनुकाचे किती उतारे निघाले आहेत, हे मोजणे म्हणजेच त्या जनुकाची अभिव्यक्ती मोजणे. शब्द भारी आहे, अर्थ सोपा आहे : जनुक किती बोलते आहे, ते ऐकणे.

नागलीचे दप्तर वाचण्याचे काम आपल्याच देशात झाले आहे. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०१७ साली नागलीच्या एका वाणाचा जनुकसंच वाचून प्रसिद्ध केला. भाताचा त्याआधी, २००५ साली, अनेक देशांनी मिळून पूर्ण केला आणि त्यात भारताचाही वाटा होता. दप्तर वाचता आले, म्हणून आता उतारे मोजायची गोष्ट आपण बोलू शकतो.

पण मोजायचे कसे? समजा, सूर्यमाळच्या दोन वावरांतून नागलीची पाने घेतली, एक ओलीतले आणि एक कोरडीतले. आता त्या पानांचा प्रवास पाहा. आरएनए हा फार नाजूक पदार्थ. आपल्या हाताच्या घामातही त्याला कुरतडणारे द्रव्य असते. म्हणून पान तोडताच उणे १९६ अंशाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवतात किंवा कोरड्या बर्फात ठेवतात. मग घाट उतरून शहरात, तिथे पान कुटून त्यातला आरएनए वेगळा काढायचा. त्यात मोठा भाग पेशीतल्या प्रथिनांच्या कारखान्याचा असतो. आपल्याला हवे ते उतारे शंभरात एक ते पाच एवढेच. त्या उताऱ्यांची पुन्हा डीएनएच्या भाषेत नक्कल करायची, आणि मग यंत्रात ती नक्कल वाढवायची. यंत्राच्या प्रत्येक फेरीत एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ होतात. दहा फेऱ्यांत एकाचे एक हजार चोवीस.

आता गुरुजनांनी थोडे गणित करावे. दोन पानांच्या मोजणीत एकाच फेरीचा फरक पडला, तरी उत्तर दुप्पट किंवा निम्मे होते. आणि फरक पडायला जागा किती! एक पान थोडे मोठे असेल, एका डबीतला बर्फ वाटेत वितळला असेल, एका नळीत रसायन बिंदूभर कमी पडले असेल. यंत्र शेवटी एक आकडा देते. तो आकडा नागलीबद्दल बोलतो की वितळलेल्या बर्फाबद्दल, हे एकट्या आकड्यावरून कळायचे नाही.

इथेच माप लागते. शास्त्रज्ञांनी त्यासाठी तीन प्रकारची मापे योजली आहेत. घरचे माप, पाहुण्याचे माप आणि सर्वांच्या सामाईकीचे माप, अशी नावे आपण त्यांना देऊ.

पहिले घरचे माप. पहाटे सूर्यमाळच्या माथ्यावर उभे राहून खालच्या पाड्यात घरे किती ते मोजायचे आहे असे समजा. घरे झाडीत लपलेली, पण चुलींचा धूर दिसतो. जेवढे धूर तेवढी घरे. चूल प्रत्येक घरात रोज पेटते, या भरवशावर हा हिशेब. पेशीतही अशी चुलीसारखी जनुके आहेत. पेशी जगायची तर त्यांना रोज काम करावेच लागते. पेशीचा सांगाडा उभा ठेवणारे, साखर जाळणारे, प्रथिने घडवणारे. त्यांचे उतारे साधारण कायम निघतात असे धरतात, आणि आपल्या जनुकाचा आकडा त्यांच्या आकड्याशी ताडतात. पान लहान असेल तर दोन्ही आकडे सारखेच घटतील आणि गुणोत्तर टिकेल.

युक्ती चांगली आहे, पण भरवशावर टाच येऊ शकते. दिवाळी झाली, भात झोडून झाला, की मोखाड्यातली कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जगायला जातात. घर तिथेच असते, चूल विझलेली असते. माघात धूर मोजणारा म्हणेल, “पाड्यातली घरे कमी झाली!” आणि आता काही घरांत गॅस आला आहे, त्यांचा धूर तर बारा महिने दिसणार नाही. दोष मोजणीत नाही. कायम म्हणून जे धरले ते कायम नव्हते.

हेच पेशीत होते. दुष्काळात रोपाची चूलसुद्धा मंदावते. मग त्या मंदावलेल्या जनुकाशी ताडून पाहिलेले दुसरे जनुक उगाच वाढल्यासारखे दिसते. म्हणून २००२ साली बेल्जियममधील गेंट इथल्या संशोधकांनी दाखवून दिले की एका घरच्या मापावर विसंबू नये. अनेक जनुके घ्यावीत, त्यांतली खरोखर स्थिर कोणती ते आधी तपासावे आणि मगच त्यांची सरासरी वापरावी. आपल्या भातासाठी हे काम दिल्ली विद्यापीठात झाले. २००६ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी नेहमी वापरात असलेली दहा घरगुती जनुके भाताच्या वेगवेगळ्या अवयवांत आणि अवस्थांत तपासली. सगळी सारखी स्थिर निघाली नाहीत. वाढीच्या निरनिराळ्या अवस्थांत काही टिकली, बदलत्या हवामानात दुसरीच टिकली, आणि एकापेक्षा दोन जनुकांचे मिळून केलेले माप बरे ठरले. भातावर प्रयोग करणाऱ्याला ही माहिती बियाण्याइतकीच मोलाची आहे.

दुसरे, पाहुण्याचे माप. घरच्यावर पूर्ण भरवसा नाही, तर बाहेरचा साक्षीदार आणावा. पान कुटताना त्यात परक्या आरएनएचे ठरलेले प्रमाण मिसळतात. हा आरएनए असा निवडतात की त्या रोपात तो कधी असूच शकत नाही. घातले किती हे आपल्याला ठाऊक असते. शेवटी मिळाले किती ते मोजायचे. वाटेत जेवढे गळाले तेवढेच आपले गळाले असणार.

आकड्यांत पाहू. ओलीतल्या पानात पाहुणे शंभर घातले, साठ सापडले. आपल्या जनुकाचे उतारे तीनशे मिळाले. कोरडीतल्या पानातही पाहुणे शंभरच घातले, पण तीसच सापडले, आणि आपल्या जनुकाचे उतारे इथेही तीनशेच. नुसते पाहणारा म्हणेल, दोन्हींकडे तीनशे, म्हणजे दुष्काळाचा परिणाम शून्य. पण हिशेब करा. पहिल्यात शंभरातले साठ हाती लागले, म्हणजे मूळचे उतारे पाचशे. दुसऱ्यात शंभरातले तीसच लागले, म्हणजे मूळचे हजार. पानाच्या समान तुकड्यामागे ते जनुक दुप्पट बोलत होते! पाहुणा नसता तर हे कुणाच्या लक्षात आले नसते, आणि एखादा चिवट वाण “काही विशेष नाही” असा शेरा मिळून कपाटात गेला असता.

गुरुजनहो, हा प्रयोग वर्गात दोन वाट्यांत होतो. तांदळाचे शंभर दाणे हळदीच्या पाण्यात रंगवून वाळवा. एका भांड्यात न मोजलेला, त्याच जातीचा तांदूळ घ्या, त्यात हे पिवळे दाणे नीट कालवा. आता मुलाला एक मूठ काढून मोजायला सांगा. समजा, चार पिवळे आणि एकशे साठ पांढरे निघाले. चारामागे एकशे साठ, तर शंभरामागे चार हजार. भांड्यात चार हजार पांढरे दाणे आहेत, असा अंदाज न मोजता आला. मग एखाद्या मुलाने भांड्यातले ओंजळभर सांडून द्यावे आणि दुसऱ्याने पुन्हा मूठ काढावी. उत्तर जवळपास तेच येईल, कारण पिवळे आणि पांढरे सारख्याच प्रमाणात सांडले. मात्र एका मुठीवर थांबू नका. चार दाण्यांच्या जागी तीन किंवा सहाही येतात. पाच-सात मुठी घेऊन सरासरी काढा. आणि मुलांना एक प्रश्न विचारा : हळदीच्या तांदळाऐवजी वालाचे दाणे टाकले असते तर? मोठे दाणे बाजूला सरकतात, बोटांना वेगळे लागतात आणि हिशेब बिघडतो. पाहुणा परका असावा, पण वागणुकीत घरच्यासारखा असावा.

हा नियम जगाने एकत्र बसून पाळला. २००३ साली अमेरिकेच्या मानक संस्थेच्या पुढाकाराने अनेक संस्था आणि कारखानदार जमले आणि बाह्य आरएनए मापांसाठी त्यांनी एक संघ केला. त्यातून पाहुण्या आरएनएंचा संच तयार झाला. त्यांतले काही जंतूंपासून घेतलेले, काही माणसाने रचलेले. त्यांतल्या ब्याण्णवांचे जे मिश्रण विकत मिळते, त्यात सर्वांत विरळ आणि सर्वांत दाट यांत सुमारे दहा लाख पटींचे अंतर असते. म्हणजे तोळाही तोलता येतो आणि बैलगाडीही.

या पाहुण्याने एक मोठी चूक उघड केली, ती सांगतो. गावातल्या प्रत्येक शेतकऱ्याचे पीक एका वर्षी दुप्पट आले असे समजा. कुणाचा वाटा किती टक्के, एवढेच लिहीत बसलात तर वहीत काहीच बदल दिसणार नाही. सगळेच वाढले, म्हणून वाटे तेवढेच राहिले! २०१२ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी दाखवले की कर्करोगाशी निगडित एका जनुकामुळे पेशीतील बहुतेक सर्व उतारे एकदम वाढतात, आणि नेहमीच्या रीतीने हिशेब केला तर ते कळतच नाही. पेशी मोजून, दर पेशीमागे ठरलेले पाहुणे घातले, तेव्हा खरे चित्र दिसले.

तिसरे, सामाईक माप. एकाच पोत्यातले भात दहा गिरण्यांना पाठवावे आणि कोण किती तांदूळ उतरवतो ते पाहावे, तसे हे. २००० नंतरच्या काळात जनुके मोजणारी वेगवेगळी यंत्रे निघाली, पण एकाच नमुन्यावर त्यांची उत्तरे जुळेनात. लोक विचारू लागले, विश्वास कुणावर ठेवायचा? तेव्हा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पुढाकार घेऊन दोन ठरावीक आरएनए निरनिराळ्या प्रयोगशाळांत पाठवले. एक माणसाच्या अनेक प्रकारच्या पेशींच्या मिश्रणाचा, दुसरा मेंदूचा. शिवाय या दोहोंची तीनास एक आणि एकास तीन अशी मिश्रणेही दिली. मिश्रणाचे प्रमाण माहीत असल्यामुळे उत्तर काय यायला हवे ते आधीच ठरलेले होते. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काळजीपूर्वक काम केले तर यंत्रांचे बरेच जुळते, असे दिसले. भांडण मिटले ते चढ्या आवाजाने नव्हे, सामाईक पोत्याने मिटले.

आता कुणी म्हणेल, हे सारे प्रयोगशाळेचे, आम्हांला त्याचे काय? मंडळी, २०२० साल आठवा. नाकात काडी घालून घेतलेला नमुना. ती तपासणीही आरएनएचीच होती, कारण करोनाच्या विषाणूचे दप्तरच आरएनएचे. देशातला पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी निश्चित झाला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने देशभरातल्या प्रयोगशाळांना ही तपासणी करायला तयार केले आणि बाजारात येणारे संच पारखून दिले. मार्च २०२० मध्ये पुण्यातच तयार झालेल्या देशी संचाला मान्यता मिळाली. त्या दिवसांत “निगेटिव्ह” या एका शब्दावर माणूस घरी जायचा, म्हाताऱ्या आईजवळ बसायचा.

पण निगेटिव्ह दोन कारणांनी येऊ शकते. विषाणू नाही म्हणून, किंवा काडी नीट फिरलीच नाही, नमुना उन्हात खराब झाला, रसायन चालले नाही म्हणून. दोन्हींत यंत्र गप्पच बसते. म्हणून अनेक संचांत विषाणूबरोबर माणसाचे एक घरचे जनुकही शोधत. ते सापडले तर काडीला माणसाच्या पेशी लागल्या होत्या आणि त्या नळीपर्यंत पोहोचल्या, असे समजायचे. विषाणूही नाही आणि माणूसही नाही असे निघाले, तर तो अहवाल निगेटिव्ह नव्हे; तो अहवालच नव्हे. नमुना पुन्हा घ्यायचा. शिवाय प्रत्येक खेपेला एका नळीत ओळखीचा आरएनए आणि एका नळीत नुसते पाणी ठेवत. ओळखीचा आरएनए दिसला नाही तर रसायन मेलेले. पाण्यात विषाणू दिसला तर कुठेतरी भेसळ झाली, ती सगळी खेप बाद.

यात एक विवेकही शिकायचा आहे. कोणतेही एक माप सर्व चुका पकडत नाही. पान कुटताना घातलेला पाहुणा त्यापुढची गळती सांगतो. घाटात वितळलेल्या बर्फाबद्दल तो मुका असतो, कारण तेव्हा तो नळीत नव्हताच. माणसाचे जनुक सापडले म्हणजे काडी लागली एवढेच कळते; विषाणू त्या दिवशी नाकाऐवजी छातीत असेल तर ते त्याला सांगता येत नाही. शहाणा माणूस प्रत्येक साक्षीदाराला विचारतो, “तू कुठून कुठपर्यंत हजर होतास?” आणि तेवढीच साक्ष धरतो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, जव्हार भागात भात, नागली, वरई यांच्या जुन्या वाणांचे बियाणे जपण्याचे काम बाएफसारख्या संस्थेने आणि इथल्या शेतकऱ्यांनी मिळून केले आहे. उद्या त्या वाणांची पाने प्रयोगशाळेत जातील, त्यांतले जनुक किती बोलते ते मोजले जाईल, आणि त्यावर कोणता वाण ठेवायचा, कोणता सोडायचा, याची चर्चा होईल. तेव्हा गप्प बसू नका. कशाशी ताडून पाहिले, ते विचारा. ज्याला कायम धरले ते कोरडीत कायम राहते का, हेही विचारा. एकाच पानावर मोजले की दहा रोपांवर? हे प्रश्न विचारायला मोठी पदवी लागत नाही. तागडी पाहण्याची सवय पुरते.

हाच प्रश्न घरच्या घरीही चालतो. कुणी नवे खत आणून म्हणाला, “यंदा पीक सव्वापट आले,” तर विचारा, त्याच वावरात, त्याच पावसात, खत न घातलेली एक पट्टी राखली होती का? नसेल, तर ती वाढ खताची की पावसाची, हे देवालाच ठाऊक. खरिपात एवढे करा : वावराच्या मध्ये चार हात रुंदीची एक पट्टी नेहमीच्या रीतीने ठेवा आणि तिचे धान्य वेगळे झोडून वेगळे मोजा. ती पट्टी म्हणजे तुमची प्रयोगशाळा.

आणि गुरुजनहो, हळदीच्या तांदळाचा प्रयोग जरूर करा. मुलांच्या मुठी लहान-मोठ्या असतील, मोजताना ती चुकतील, पुन्हा मोजतील. पण ठाऊक असलेल्या शंभर दाण्यांवरून ठाऊक नसलेल्या हजारांपर्यंत जाता येते, हे एकदा त्यांच्या हाताला कळले की त्यांना फसवणे कठीण. मग समोर बाजारातला व्यापारी असो, छापील जाहिरात असो, की मोठ्या यंत्रातून निघालेला आकडा असो.